धोतराखालचा कुत्रा

सिंगापुरात लिव्हर-ॲक्शन रायफलवर मराठीतून तासभर बोलू शकणारा माणूस एकच, आणि तो मी! दुसरा कुणी निपजू नये म्हणून माझी बायको मेधा रोज देवापुढे हात जोडते, ती गोष्ट वेगळी.

लिव्हर-ॲक्शन म्हणजे कोणती ते आधी ऐका, मधे बोलू नका. घोड्याखाली एक कडी असते. ती खाली ओढायची, वर घ्यायची. रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत. खटॅक-खटॅक! संपलं! बारीक, सुटसुटीत, पोटाखाली काही लोंबत नाही, डावखुऱ्यालाही चालते. गस्तीवरच्या पोलिसाच्या हातात हीच रायफल पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. एमआरटी स्टेशनवर ती काळी, अगडबंब हत्यारं घेतलेले पोलीस बघितले की माझं डोकं फिरतं. अरे, लोक ऑफिसला चाललेत, लढाईला नाही! लिव्हर-ॲक्शन हातात असली की पोलीस कसा पोलीस दिसतो.

तुम्ही म्हणाल, अहो निशिकांतराव, तुम्ही बँकेत कम्प्लायन्सला, म्हणजे नियम तपासणारे, तुमचा काय संबंध? संबंध आहे! आम्ही इथले नागरिक झालो, मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि इथल्या सक्तीच्या नॅशनल सर्व्हिसला गेला. इतरांची पोरं सैन्यात गेली, आमचा सारंग पोलिसात. माझं पोरगं गस्त घालतं आणि त्याच्या हातात काय असावं ते मी बोलायचं नाही? बाप आहे मी त्याचा!

म्हणून मी एक प्रेझेंटेशन केलं. घरी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवलं. हळूहळू घरी जेवायला कुणी येईनासं झालं, पण सत्य हे असं एकटंच असतं.

गेल्या दिवाळीत बेडोकला विश्वासकडे फराळाला गेलो होतो. विश्वास माझा कॉलेजपासूनचा मित्र, अकाउंटंट, आणि अकाउंटंट असल्यामुळे खवचट. मी रंगात येऊन कडी कशी फिरते ते दाखवत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "सगळं झकास आहे रे निश्या. पण भरायची कशी? एकेक गोळी? तोपर्यंत चोर थांबेल का चिवडा खात?"

सगळे हसले. मेधासुद्धा हसली! मी हातातली करंजी, अर्धी, बशीत ठेवली आणि उठलो. तेव्हापासून आमचं बेडोकला जाणं बंद. ज्याला मुद्द्यातलं काही कळत नाही, तोच हा प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही.

असो. तर सारंगची सर्व्हिस संपत आली होती आणि त्याला पोलिसातच राहायचं होतं, कायमचं. पोरगं मनापासून गुंतलं होतं त्यात. शिफारस करणार त्याच्या वरिष्ठ, इन्स्पेक्टर लिम मॅडम. आणि मेधानं काय करावं? सारंगच्या डब्यातली पुरणपोळी मॅडमना आवडते असं कळल्याबरोबर त्यांना घरी जेवायचं आमंत्रण दिलं. रविवारचं. रविवारी खंडेनवमी!

सारंग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सहा फूट उंच, पट्टीचा धावणारा. घाबरतो फक्त कुत्र्याला. शेजारच्या मिसेस कोंचा मूठभर पूडल लिफ्टमध्ये दिसला, तर हा पठ्ठ्या अकरा मजले जिन्यानं चढतो.

"बाबा, मॅम येणार आहे. प्लीज लाह. लिव्हर-ॲक्शनचा एक वर्ड नाही. प्रॉमिस?"

"अरे, प्रॉमिस कसलं मागतोस!" मी गरजलो. "तोंडावर ताबा कसा ठेवतात ते बघच तू! मॅडम जाईपर्यंत माझ्या तोंडातून रायफलमधला 'रा' निघाला तर नाव बदलीन!"

आणि मी शब्द पाळला. हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्यात सगळ्यांनी शब्द मोडले, मी नाही!

आता खंडेनवमीला शस्त्रपूजा करायची असते. आमच्याकडे दरवर्षी पाटावर काय असतं? लॅपटॉप, पाना आणि मेधाची कात्री! अरे, लॅपटॉप हे काय शस्त्र आहे? त्यानं आजवर फक्त माझ्यावरच वार केलेत. या वर्षी मी ठरवलं, पाटावर शस्त्र मांडायचं तर शस्त्रासारखं शस्त्र. आठवडाभर मागच्या खोलीत दार लावून बसलो. सारंगच्या जुन्या बॅटचा दस्ता केला. पडद्याच्या दांडीची नळी केली. बुटाच्या पॉलिशनं सगळं झकास काळंभोर केलं. कडी कशाची करावी ते सुचेना, पण स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर देवानंच जणू ती ठेवून दिलेली होती. दोन स्क्रू मारले. खटॅक-खटॅक! काय आवाज आला हो! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

रविवारी पहाटे उठून पाट मांडला, रांगोळी घातली, रायफलीला हळदकुंकू वाहिलं, टेक्का मार्केटातून आणलेली झेंडूची माळ घातली, समई लावली. हात जोडतोय, तेवढ्यात आतून किंकाळी आली.

"अहो! पुरणयंत्राचा दांडा कुठाय?"

मी समईची वात सारखी केली. मेधा बाहेर आली, पाटाकडे बघितलं आणि तिचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला.

"दांडा! माझ्या आईनं दिलेल्या पुरणयंत्राचा दांडा! त्याला बुटाचं पॉलिश!"

"तो आता दांडा नाही. ती कडी आहे."

"डाळ शिजून बसलीय! बाई जेवायला येतायत पुरणपोळीसाठी, आणि मी पुरण वाटू कशानं? तुमच्या डोक्यानं?"

आरडाओरडा ऐकून सारंग आला आणि जागच्या जागी थिजला.

"बाबा! वॉट इज धिस? मी तुम्हाला अरेस्ट करू का? इथे खोट्या गनलापण परमिशन लागते! यू आर इन कम्प्लायन्स!"

"ही खोटी गन नाही, प्रात्यक्षिक आहे!" मी ओरडलो. "यातून गोळी काय, पुरणसुद्धा बाहेर पडायचं नाही!"

"तेच सांगतेय मघापासून!" मेधा किंचाळली.

"उचला ते," सारंग म्हणाला. "मॅम विल बी हिअर एनी मिनिट."

आता इथं माझं डोकं खरं तापलं. पूजेला मांडलेलं शस्त्र उत्तरपूजेशिवाय हलवायचं नसतं! दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा, मग शस्त्र हलणार. आमच्या घरात हा नियम कुणी मोडलेला नाही, आणि एका इन्स्पेक्टरसाठी मी मोडणार नव्हतो. मी पाटापुढे मांडी ठोकून बसलो. सारंग इंग्रजीतून विनवत होता, मेधा मराठीतून उद्धार करत होती. शेवटी तिनंच कपाटातून माझं पांढरं सोवळ्याचं धोतर काढलं, रायफलीवर डोक्यापासून पायापर्यंत पसरलं, वर पुन्हा झेंडूची माळ ठेवली आणि आत जाऊन मिक्सरमध्ये पुरण फिरवलं. त्याचं खळ झालं. ती रागानं रडायला लागली.

आणि बेल वाजली.

इन्स्पेक्टर लिम म्हणजे बुटकी, काटक, केस बारीक कापलेली बाई. साध्या कपड्यांत आल्या होत्या, हातात केकचा लालभडक खोका. त्या इंग्रजीतून बोलत होत्या, मी आपलं आपल्या भाषेत सांगतो. हसत हसत आत आल्या आणि दारातच थबकल्या.

त्यांनी काय बघितलं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. समोर पाटावर काहीतरी लांबुळकं, पांढऱ्या वस्त्रानं झाकलेलं. त्यावर फुलांची माळ. उशाशी दिवा, उदबत्तीचा धूर. बाजूला डोळे सुजलेली बाई. मान खाली घालून ताठ उभा असलेला मुलगा. आणि तोंडावर ताबा ठेवल्यामुळे ओठ घट्ट मिटून बसलेला बाप.

मॅडमनी लाल खोका झटकन खांद्यावरच्या पिशवीत लपवला; चिनी लोकांत मयताच्या घरी लाल रंग चालत नाही. चपला काढल्या. पुढे आल्या, पाटापुढे हात जुळवून उभ्या राहिल्या आणि कमरेत तीनदा वाकल्या.

"तुमच्या दुःखात मी सहभागी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मला माहीत असतं तर आज आलेच नसते. कोण गेलं?"

मी बोलणं शक्यच नव्हतं, शब्द दिला होता. मॅडमची नजर धोतराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मोठ्या माणसाच्या मानानं ते फारच आखूड होतं, आणि लहान मुलाच्या मानानं... मॅडमचा चेहरा उतरत चालला. आता त्या भलतंच काहीतरी समजणार, तेवढ्यात सारंग ओरडला,

"डॉग, मॅम!"

साऱ्या दुनियेत या पोराला कुत्राच सापडला!

"ओह!" मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. "बिचारा. काय नाव त्याचं?"

माझं वचन रायफलीपुरतं होतं. कुत्र्याबद्दल बोलायला मी मोकळा होतो. कुत्रा म्हटल्यावर माझ्या मनात जे नाव पहिलं आलं ते मी सांगून टाकलं.

"विश्वास!"

मेधानं कपाळाला हात लावला. मॅडमना ते दुःखच वाटलं.

"किती वर्षांचा होता?"

"एकशे तीस," मी म्हणालो. तोंडातून गेलं हो! या बनावटीच्या रायफलीचं वय डोक्यात पाठ आहे माझ्या!

"कुत्र्यांच्या वर्षांत!" मेधा घाईघाईनं म्हणाली.

मॅडमनी सहानुभूतीनं मान हलवली. मग एकाएकी त्यांची मान थांबली आणि आतला पोलीस जागा झाला. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायचा तर एकच, तोही छोटा, ठरवून दिलेल्या जातीचा. आणि धोतराखाली पडलेला विश्वास तर वासराएवढा लांब!

"हा एवढा मोठा कुत्रा," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्ही फ्लॅटमध्ये पाळला होता?"

घ्या! खेळण्यातली रायफल लपवायला गेलो आणि खराखुरा गुन्हा कबूल करून बसलो! सारंगच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. पोराची सगळी नोकरी धोतराखाली अडकली होती. त्याक्षणी मला माझा नाही, मेधाचा राग आला. आमंत्रण द्यायला कुणी सांगितलं होतं हिला?

"लांब दिसतो, मॅम," सारंग चाचरत म्हणाला. "पण बारीक होता. व्हेरी थिन."

"जेवत नव्हता शेवटी शेवटी," मेधानं डोळे पुसले.

मॅडम आणखी काही विचारणार, एवढ्यात पुन्हा बेल वाजली. मेधानं जीभ चावली. या बाईनं मला न सांगता समेटासाठी आणखी एकाला जेवायला बोलावलं होतं! दार उघडताच हातात श्रीखंडाचा डबा घेऊन तो आत आला, समोर पाहुणी बघून हात पुढे केला आणि मोठ्यानं म्हणाला,

"हॅलो! आय ॲम विश्वास!"

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग पाटाकडे बघितलं. मग त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "मित्राचं नाव दिलं होतं तर कुत्र्याला," त्या गहिवरून म्हणाल्या. "किती प्रेम असेल तुमचं! तुमच्याही दुःखात मी सहभागी आहे."

"कुठला कुत्रा?" विश्वास माझ्याकडे वळला. "निश्या, कुणाला माझं नाव दिलं?"

"मराठीत बोल आणि हळू बोल," मी दातओठ खात म्हणालो. "आमचा कुत्रा गेला."

"तुझ्याकडे कुत्रा कधी होता रे?"

"नव्हता. पण गेला."

"आणि त्याचं नाव विश्वास? एका करंजीवरून?"

"करंजीवरून नाही! चिवडा खात थांबलेल्या चोरावरून!"

"बघू तरी कसला कुत्रा आहे तो!" विश्वास लालबुंद होऊन पाटाकडे झेपावला. त्याचा हात धोतराला लागणार, तोच मी पाटावर आडवा पडलो.

"उत्तरपूजेशिवाय हात लावायचा नाही!"

मी पडलो तो नेमका पुरणयंत्राच्या दांड्यावर. बरगडीत कडी घुसली आणि धोतराखालून स्पष्ट, खणखणीत आवाज आला. खटॅक-खटॅक! वेदनेनं डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मनात म्हटलं, वा! कापडाखालीसुद्धा अडकत नाही! हे सांगायला तोंड उघडलं आणि शब्द आठवून मिटलं.

"कसला आवाज तो?" मॅडमनी विचारलं.

"माझी बरगडी," मी म्हणालो.

मेलेल्या कुत्र्यावर कोसळून रडणारा माणूस मॅडमनी पहिल्यांदाच बघितला असावा. त्या ताडकन पुढे झाल्या, विश्वाससमोर उभ्या राहिल्या आणि चौकीतल्या आवाजात म्हणाल्या, "सर! खाली बसा! त्यांना रडू द्या!"

बेडोकचा खवचट अकाउंटंट निमूट खाली बसला. त्या दिवसातलं तेवढं एकच दृश्य मला आवडलं.

मग आम्ही पाचजण जेवलो. पोळ्या टाळूला चिकटत होत्या, त्यामुळे कुणाला बोलता येत नव्हतं, तेच बरं झालं. जाताना मॅडमनी सारंगच्या खांद्यावर हात ठेवला. "मुक्या जनावरावर एवढी माया करणारं घर मी बघितलं नव्हतं. मी हे लक्षात ठेवीन."

आणि ठेवलं हो! काही दिवसांनी सारंग घरी आला तो पांढराफटक पडून. शिफारस झाली होती. त्याला पोलिसात कायम घेणार होते. पण श्वानपथकात!

"दॅट डॉग इज बिगर दॅन मी, बाबा," तो सोफ्यावर कोसळत म्हणाला. "सगळं तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे? कुत्रा कुणी म्हटलं? मी म्हटलं?"

"मग रायफल म्हणायचं होतं का?"

"मला बोलायला बंदी केलीस ना! बोलू दिलं असतंस तर एवढा वेळ लागलाच नसता!"

तो खरं सांगायला जाऊ शकत नव्हता. खरं सांगायचं म्हणजे वरिष्ठांशी तोंडावर खोटं बोललो असं कबूल करायचं. पोरगं रात्री जेवलं नाही. मेधा माझ्याशी बोलेना. मी ती रायफल स्क्रू-स्क्रू सुटी केली, दांडा घासून पुरणयंत्राला लावला. लावताना मला माझा असा संताप आला की काय सांगू! पोराला एकच गोष्ट हवी होती, आणि माझ्या हट्टापायी ती त्याला नको त्या रूपात मिळाली.

पण गंमत बघा. पहिले काही दिवस तो दारातूनच कुत्र्याला खायला घालत होता म्हणे. मग एकदा पट्टा धरला. मग एक फोटो आला. त्यात तो काळा-तपकिरी राक्षस याच्या मांडीवर डोकं टाकून पडला होता आणि आमचे चिरंजीव लहानपणी हसायचे तसे हसत होते. आता घरी आला की कुत्र्याशिवाय दुसरा विषय नाही! कुत्रा कसा वळतो, कसा थांबतो, हुंगतो कसा! कितीदा ऐकायचं माणसानं? जेवायला कुणी आलं तर त्यांनाही फोटो दाखवतो. हे वेड कुणावर गेलंय, देव जाणे!

गेल्या महिन्यात एका सकाळी आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपात कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसलो होतो. समोरची खुर्ची ओढून कुणीतरी बसलं. इन्स्पेक्टर लिम!

"अंकल," त्या म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्याला स्क्रू होते."

कोपी बशीत सांडली माझी.

"धोतराच्या बाजूनं दिसत होते. शिवाय बुटाच्या पॉलिशचा वास! सतरा वर्षं पोलिसात आहे मी, अंकल."

"मग... मग श्वानपथक?"

"सारंग चांगला आहे. पण माझ्याशी खोटं बोलला. कुत्र्याशी खोटं बोलता येत नाही. म्हटलं, तिथं शिकेल." त्यांनी आपली कोपी ढवळली. "आणि तुमचं ते खेळणं? अजून आहे घरात?"

"सुटं केलं. आता त्याचं पुरणयंत्र आहे."

"बरं केलंत, नाहीतर मला वर यावं लागलं असतं." मग त्या हसल्या. "सारंग सांगत होता, तुम्ही त्या गनवर छान बोलता. मला वेळ आहे. सांगा."

सांगा म्हणाल्या! आजवर मला कुणीही 'सांगा' म्हटलं नव्हतं हो! अंगावर काटा आला. टिश्यूपेपर पसरला, पेन काढलं आणि सुरू झालो. कडी काढली, दस्ता काढला, नळी काढली. बारीक का, सुटसुटीत का, डावखुऱ्याला कशी चालते, लोक घाबरत कसे नाहीत. मॅडम एकदाही मधे बोलल्या नाहीत. मान हलवत होत्या. एका मुद्द्यावर तर चक्क "हं, बरोबर" म्हणाल्या! खुद्द पोलीस इन्स्पेक्टर! माझा राग, इतक्या वर्षांचा, वितळून चालला होता.

मी पेन खाली ठेवलं. मॅडमनी टिश्यू उचलला, उलटसुलट करून नीट बघितला.

"छान आहे, अंकल. एकच शंका." त्यांनी नळीवर बोट ठेवलं. "भरायची कशी? एकेक गोळी, आह?"

मी हातातली कोपी, अर्धी, टेबलावर ठेवली आणि उठलो.

हल्ली मी कोपी प्यायला पार लांब, चोआ चू कांगला जातो.